घरातील संगणक : पुसली न जाणारी फाईल

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. तो नसलेल्या यंत्रांवर ती प्रणाली अधिकृतपणे बसत नाही. परिणामी अनेक घरांतून दहा-बारा वर्षे इमानाने चाललेला संगणक बाजूला ठेवून नवा आणण्याचा विचार सुरू झाला. यंत्र बदलले तरी त्यातील हार्ड डिस्क मात्र कोणी टाकून देत नाही. ती काढून यूएसबीच्या डबीत बसविली जाते, नव्या संगणकाला जोडली जाते, आणि मग एखाद्या रविवारी दुपारी घरातील कोणीतरी तिची साफसफाई करावयास बसते.

हिंगोलीतील हळदीच्या आडतीशी संबंध असलेल्या एखाद्या कुटुंबाची अशी डिस्क डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात दुकानाची टॅलीतील खाती असतात, शेतकऱ्यांना दिलेल्या हिशोबपट्ट्यांच्या प्रती असतात, मुलांच्या दहावी-बारावीच्या अर्जांची स्कॅन केलेली कागदपत्रे असतात, लग्नाचे व्हिडिओ असतात, मंदिराच्या विश्वस्त मंडळाची सभासदयादी असते आणि शिरड शहापूरच्या दर्शनाची, एकच छायाचित्र चार-चार वेळा उतरवलेली, छायाचित्रेही असतात. जागा मोकळी करावी म्हणून एक जुना फोल्डर निवडला जातो, डिलीटची कळ दाबली जाते, आणि पडद्यावर चौकट उमटते : ‘यू नीड परमिशन टू परफॉर्म धिस अ‍ॅक्शन’. हे काम करण्यास आपणांस परवानगी हवी. डिस्क घरची, पैसे घरचे, फोल्डरमधील मजकूरही घरचाच. आणि परवानगी कोणाची, तर खाली एक लांबलचक आकडा दिलेला असतो, ज्याचा अर्थ घरात कोणालाच लागत नाही.

यावर पहिला उद्गार बहुधा वडीलधाऱ्यांचा असतो : पूर्वी असे नव्हते. तो खरा आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्या काळातील घरगुती संगणकांवर विंडोज ९८ असे. त्या प्रणालीतील फाईल मांडण्याची पद्धत, जिला फॅट म्हणतात, तिच्यात फाईलला मालक अशी गोष्टच नव्हती. जो कळफलकासमोर बसला तो सर्वाधिकारी. कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटी आणली होती आणि तिच्यासोबत एनटीएफएस ही नवी मांडणी. तिच्यात प्रत्येक फाईलच्या पाठीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : मालक कोण, आणि कोणाला काय करण्याची मुभा आहे. २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली आणि हीच मांडणी घराघरांत पोहोचली. एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत परवानग्यांचे पान इतके लपवून ठेवले होते की ते केवळ ‘सेफ मोड’मध्ये दिसे, त्यामुळे ही व्यवस्था आपल्या घरात आली आहे याची बहुतेकांना जाणीवही झाली नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून पुढे गावोगावच्या लोकांनी संगणक शिकून घेतला, पण टाइप करणे, छापणे, ई-मेल पाठविणे ही नित्याची कामे सोडून मालकी-परवानगीच्या वाटेला घरगुती वापरकर्ता क्वचितच गेला. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक महत्त्वाच्या कामाआधी विचारू लागली, आणि मग लोकांना ती चौकट भेटू लागली.

शेतजमिनीच्या व्यवहाराची ओळख असलेल्यास ही व्यवस्था समजण्यास अवघड नाही. वडिलांच्या पश्चात मुले जमीन कसत असतात, पेरणी तेच करतात, काढणीही तेच करतात. पण वारसनोंद होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर नाव वडिलांचेच असते. कसणे वेगळे आणि नावावर असणे वेगळे. फाईलचेही तसेच आहे. तिच्या पाठीवरील सातबारा आपण वाचला नसेल तर तिने नकार दिल्यावर चकित होण्यात अर्थ नाही.

यात एक मेख आहे, जी न समजल्याने बहुतेक गोंधळ होतो. विंडोज सातबाऱ्यावर नाव लिहीत नाही, क्रमांक लिहिते. संगणकावर खाते उघडले की त्या खात्याला एक लांब क्रमांक मिळतो. तो ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो आणि दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरील खात्याशी जुळत नाही. जुन्या संगणकावर खात्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ होते आणि नव्यावरही ‘अ‍ॅडमिन’च ठेवले, तरी विंडोजच्या लेखी ही दोन भिन्न माणसे आहेत. पासवर्ड तोच ठेवल्यानेही काही साधत नाही. जुनी डिस्क नव्या यंत्राला जोडल्यावर मालकाच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि त्यापुढे तो आकडा दिसतो, तो यामुळे. ज्या खात्याचा तो क्रमांक, ते खाते जुन्या यंत्राबरोबरच मागे राहिले आहे. चौकट ज्याची परवानगी मागा म्हणते तो मालक आता कोठेच नाही.

मात्र फाईल पुसली जात नाही म्हणजे परवानगीचाच प्रश्न आहे असे गृहीत धरू नये. चौकटीतील इंग्रजी वाक्य घाईने बंद न करता एकदा पुरते वाचले तर अर्धा उलगडा तेथेच होतो. ‘फाईल इन यूज’ असे शब्द असतील तर मालकीचा काही संबंध नाही. कोणता तरी प्रोग्राम ती फाईल हातात धरून बसला आहे. एक्सेलमध्ये उघडलेला तक्ता, व्हिडिओ दाखविणारा प्लेयर, मागे चालू राहिलेली टॅली, वनड्राइव्हची प्रत बनविण्याची खटपट, किंवा फोल्डरमधील चित्रांचे छोटे नमुने दाखविणारी स्वतः विंडोजच. प्रोग्राम बंद करावा. न जमल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा व तेथून तो थांबवावा. कोणी धरले आहे तेच कळत नसेल तर ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ हा रकाना असतो, त्यात फाईलचे नाव घालून शोधावे. मायक्रोसॉफ्टच्याच ‘पॉवरटॉइज’ या मोफत संचात ‘फाईल लॉकस्मिथ’ नावाचे साधनही याच कामासाठी आहे. आणि हे काहीच नको असेल तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण धरून ठेवलेली फाईल सुटण्यास तो पुष्कळदा पुरतो.

दुसरे एक कारण मराठीत फाईलींची नावे ठेवणाऱ्यांना विशेष लागू पडते. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावाच्या शेवटापर्यंतचा संपूर्ण पत्ता सामान्यतः २६० चिन्हांच्या आत बसावा लागतो. देवनागरीत डोळ्यांना जे एक अक्षर दिसते ते संगणकाच्या मोजणीत एक नसते. ‘हिंगोली’ हा शब्द तीन अक्षरांचा, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सर्व सुटे मोजले जात असल्याने तो सात चिन्हे घेतो. ‘श्री’ हे एकच अक्षर चार चिन्हांचे होते. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर, आणि प्रत्येकाचे नाव ‘श्री’ने आरंभ होऊन समारंभाच्या तारखेवर संपणारे, अशी रचना असली की मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. मग ती फाईल ना उघडते, ना हलते, ना पुसली जाते. उपाय सोपा आहे : बाहेरच्या फोल्डरांची नावे एक-दोन अक्षरांची करावीत, पत्ता आखूड होतो आणि आतील फाईल मोकळी होते.

पेनड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचे कार्ड नकार देत असेल तर आधी त्याच्या कडेची बारीक खिट्टी पाहावी. कार्डावर ती ‘लॉक’कडे सरकलेली असते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो, त्यावर मालकी-परवानगी हा प्रकारच नसतो, त्यामुळे पुढे सांगितलेले ‘सिक्युरिटी’चे पान तेथे शोधूनही सापडणार नाही. फोल्डरच्या माहितीत ‘रीड ओन्ली’समोर भरीव चौकोन दिसतो, तोही पुसण्यातला अडसर नव्हे. चौकट जर ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ असे म्हणत असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे. वीज अचानक गेल्याने किंवा डिस्क थकल्याने मांडणी बिघडलेली असते. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करण्याआधी जे वाचता येते ते दुसरीकडे उतरवून घ्यावे.

आता खऱ्या परवानगीच्या प्रश्नाकडे. चौकटीत ढालीचे लहान चिन्ह असलेले ‘कंटिन्यू’ हे बटण असेल आणि संगणकावरील खाते प्रशासकाचे, म्हणजे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे असेल, तर ते दाबून पाहावे, अनेकदा तेवढ्याने काम होते. फोल्डर उघडतानाही असेच बटण येते, आणि तेथे एक बारकावा आहे : ते दाबल्यावर मिळणारा प्रवेश त्या एका वेळेपुरता नसून कायमचा असतो. विंडोज तुमच्या खात्याचे नाव त्या फोल्डरच्या यादीत नोंदवून टाकते. चौकटीत तसे स्पष्ट लिहिलेले असते, पण ते कोणी वाचत नाही.

तेवढ्याने न झाल्यास फेरफार करून घ्यावा लागतो. फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘सिक्युरिटी’ या पानावर जावे, खालच्या बाजूचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबावे. नव्या खिडकीत वरच ‘ओनर’ असे लिहिलेले दिसते आणि त्यापुढे तो अनोळखी आकडा. शेजारच्या ‘चेंज’वर जाऊन आपल्या खात्याचे नाव लिहावे आणि ‘चेक नेम्स’ दाबावे; नाव बरोबर असेल तर त्याखाली रेघ येते. परत आल्यावर मालकाच्या नावाखाली एक नवा चौकोन उगवलेला असतो : ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’. त्यात खूण करावी. ही खूण राहिली तर बाहेरच्या फोल्डरची मालकी बदलते आणि आतील शेकडो फाईली जुन्याच मालकाकडे राहतात. घरचे लोक कंटाळून उठतात ते बहुधा या टप्प्यावर. ‘अ‍ॅप्लाय’ केल्यावर विंडोज मध्येच विचारू शकते की, या फोल्डरातील मजकूर वाचण्याची तुम्हांला परवानगी नाही, जुन्या परवानग्या काढून तुम्हांला पूर्ण अधिकार देऊ का. फोल्डर आपलाच असल्याची खात्री असेल तर होकार द्यावा.

मालकी मिळाली की काम संपले असे वाटते, पण तसे नाही. सातबाऱ्यावर नाव लागले तरी शेतात दुसऱ्याचे कुंपण उभे असू शकते. मालकाला परवानग्यांची यादी बदलण्याचा हक्क मिळतो. ती यादी आपोआप बदलत नाही. म्हणून सर्व खिडक्या बंद करून तोच मार्ग पुन्हा धरावा. या वेळी ‘अ‍ॅड’, मग ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’, तेथे आपले नाव, आणि त्याखाली ‘फुल कंट्रोल’ला खूण. ती यादी आतील सर्व फाईलींना लागू व्हावी म्हणून सर्वांत खालच्या ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट…’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या चौकोनातही खूण करावी. फाईली हजारोंनी असतील तर काही मिनिटे हिरवी पट्टी सरकत राहील. मध्ये बंद करू नये.

हीच दोन्ही कामे ‘टेकओन’ आणि ‘आयकॅकल्स’ या दोन लेखी आज्ञांनी एका झटक्यात होतात, आणि संगणकात मुरलेली मुले तोच मार्ग पसंत करतात. तो वेगवान आहे यात शंका नाही. पण आज्ञेत फोल्डरच्या पत्त्याऐवजी चुकून केवळ ड्राइव्हचे अक्षर राहिले, तर संपूर्ण ड्राइव्हच्या परवानग्या बदलल्या जातात, आणि ते उलटे फिरविण्याचे सोपे बटण कोठेही नाही. घरगुती कामाला माउसचा संथ मार्गच बरा. त्याहून वाईट सवय म्हणजे कटकट नको म्हणून ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देऊन टाकणे. दुरुस्तीला येणारे काही जण कौतुकाने हेच करून जातात. घराचे कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवल्यासारखे ते आहे.

काही नकार मात्र पाळण्यासाठीच असतात. चौकटीत ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ हे नाव दिसले आणि फोल्डर चालू संगणकाच्या सी ड्राइव्हवरील विंडोज किंवा प्रोग्राम फाईल्स असला, तर तेथे मालकी घेण्याच्या भरीस पडू नये. ते खाते माणसाचे नाही. प्रणालीने आपले स्वतःचे अवयव सांभाळण्यासाठी नेमलेले आहे. जुन्या विंडोजवर नवी चढविल्यानंतर उरणारा ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा भलामोठा फोल्डर हाताने पुसू नये. तो दहा दिवसांनी आपोआप जातो, किंवा ‘सेटिंग्ज’मधील ‘स्टोरेज’ या भागात ‘टेम्पररी फाईल्स’खाली त्याला काढण्याची सोय दिलेली आहे. तसेच, घरातील शाळकरी मुलांना आई-वडिलांनी साधे, प्रशासकाचे नव्हे असे खाते काढून दिले असेल आणि मुलगा तक्रार करीत असेल की, ‘बाबा, मला ही फाईल डिलीट करताच येत नाही’, तर तेथे काही बिघडलेले नाही. ती व्यवस्था नेमकी त्यासाठीच होती.

जुन्या डिस्कच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिच्यावर जुनी विंडोज, जुने प्रोग्राम, शिवाय जुन्या खात्याची केराची टोपलीसुद्धा तशीच असते, कारण प्रत्येक खात्याची टोपली त्याच्या क्रमांकाच्या नावाने स्वतंत्र ठेवलेली असते. हे सगळे एकेक करून मालकी घेत पुसत बसण्यात पूर्ण दिवस जातो. त्यापेक्षा हवे तेवढे दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि नंतर ती डिस्क फॉरमॅट करावी. परवानगीचा प्रश्नच उरत नाही. फॉरमॅट करताना ड्राइव्हचे अक्षर तीनदा पाहावे, एवढीच अट.

पण ‘हवे तेवढे’ म्हणजे काय, हे ठरविण्यातच खरी जोखीम आहे. परवानगीच्या चौकटीपेक्षा कितीतरी मोठी. टॅलीच्या जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक पेढीची खाती एका फोल्डरात असतात आणि त्या फोल्डरचे नाव पेढीचे नसते, ‘१००००’ किंवा ‘१०००१’ असा पाच आकडी क्रमांक असतो. आत पाहिले तर न उघडणाऱ्या, अर्थहीन नावांच्या फाईली. संगणक जाणणाऱ्या पण दुकान न पाहिलेल्या मुलाला हा कचराच वाटतो. प्रत्यक्षात ती दहा वर्षांची खतावणी असते. हा फोल्डर सुटी फाईल निवडून नव्हे, संपूर्णच उचलून ठेवावा, आणि नव्या संगणकावरील टॅलीत तो उघडून, एखाद्या ओळखीच्या खात्याची शिल्लक जुन्या छापील कागदाशी ताडून पाहावी. दुकानातील मुनीमजी अद्याप असतील तर त्यांना शेजारी बसवावे; कोणता क्रमांक कोणत्या पेढीचा हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

जुन्या मराठी पत्रांचेही असेच हाल होतात. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी मराठी टंकन श्रीलिपीसारख्या प्रणालींनी आणि शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांनी होत असे. त्या फाईलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठविलेली असतात. विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की विश्वस्त मंडळाच्या सभेचे इतिवृत्त किंवा आजोबांनी टंकून घेतलेली वंशावळ निव्वळ किडेमकोडे होऊन दिसते. फाईल खराब झाली असे समजून ती पुसली जाते. ती खराब झालेली नसते. जुना फॉन्ट बसविला, किंवा त्या लिपीचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन वापरले, की मजकूर परत येतो. जुन्या डिस्कवरील विंडोजच्या फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर असतो, तो फॉन्ट पुष्कळदा तेथेच सापडतो. म्हणून फॉरमॅटपूर्वी तेवढा एक फोल्डर तरी उतरवून घ्यावा.

व्यापारी कुटुंबांसाठी कायद्याचाही एक मुद्दा आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाच्या वह्या व नोंदी, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावयाच्या असतात. उदाहरणार्थ, २०१९-२० या वर्षाची ती तारीख वाढून ३१ मार्च २०२१ झाली होती. म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ मार्च २०२७ पर्यंत ठेवणे भाग आहे. प्रकरण अपिलात असेल तर त्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही एक वर्ष. पेढी कंपनी म्हणून नोंदविलेली असेल तर कंपनी कायद्याची मुदत आठ वर्षांची. तेव्हा ‘पाच वर्षांपूर्वीचे काय ठेवायचे’ असे म्हणून कोणी डिलीटची कळ दाबू लागले तर आधी कर सल्लागाराला एक फोन करावा.

आणि दिवंगत माणसाच्या नावाचा फोल्डर. हा प्रसंग बऱ्याच घरांत येतो आणि तो तांत्रिक नाही. वडील गेल्यानंतर त्यांचा संगणक धाकट्याकडे येतो, त्यांच्या खात्याचा पासवर्ड कोणास माहीत नसतो, डिस्क नव्या यंत्राला जोडली की वर सांगितलेला आकडा मालक म्हणून उभा राहतो. मालकी घेण्याची रीत धाकट्याला येते. आत विम्याच्या पावत्या असतील, कोणास दिलेल्या हातउसन्या रकमांचा तक्ता असेल, बहिणीच्या लग्नातील छायाचित्रे असतील, अर्धवट लिहून ठेवलेले एखादे पत्रही असेल. तंत्र जाणतो म्हणून तो फोल्डर चाळण्याचा आणि पुसण्याचा अधिकार त्याच्या एकट्याकडे येत नाही. अशा वेळी मालकी घ्यावी ती प्रत उतरविण्यासाठी. ती प्रत दोन ठिकाणी ठेवावी, एक थोरल्या भावाकडे द्यावी, ताईलाही कळवावे, आणि पुसण्याचा निर्णय आईला विचारल्याखेरीज घेऊ नये. फाईलींवर कुलपाचे चिन्ह असेल तर त्या जुन्या खात्याने कूटबद्ध केलेल्या आहेत; मालकी घेऊनही त्यांचा मजकूर उघडणार नाही, पुसता मात्र येईल. म्हणजे वाचता न येणारी गोष्ट नष्ट करणे तेवढे शक्य राहते. अशा फाईलींना हात न लावता मूळ संगणक जपून ठेवावा. मूळ खात्यात पासवर्डने प्रवेश मिळाला, तर त्या उघडण्याची आशा असते.

संपूर्ण डिस्कच ‘बिटलॉकर’ने बंद असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला होता त्या खात्यावर साठविलेली असते. नव्या संगणकावर हट्टी फाईलीसाठी ‘सेफ मोड’मध्ये जाण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याआधीही ही किल्ली लिहून घ्यावी, काही यंत्रे सेफ मोडच्या वाटेवर ती मागतात, आणि त्या वेळी ती हाताशी नसली तर पुसावयाची एक फाईल बाजूला राहून संपूर्ण संगणकच बंद दाराआड जातो.

लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांची घरे थोडी आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडकेच. लिनक्समध्ये फाईल पुसता येणे हे त्या फाईलच्या नव्हे, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरच्या परवानगीवर ठरते. उबुंटू वापरणारे विद्यार्थी फाईलचीच परवानगी बदलत बसतात आणि हैराण होतात. मॅकवर ‘गेट इन्फो’ उघडून ‘लॉक्ड’पुढची खूण आधी काढून पाहावी.

डिस्क शेवटी विकावयाची किंवा कोणास द्यावयाची असेल तर साध्या पुसण्यावर विसंबू नये. पुसलेली फाईल पुन्हा वर काढणारे प्रोग्राम सहज मिळतात, आणि घरच्या डिस्कवर आधार, पॅन व बँकेची पासबुके यांच्या प्रती असतातच. फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढली की विंडोज संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. मोठ्या डिस्कला यास काही तास लागतात. यूएसबीची तार आणि वीज तेवढा वेळ हलणार नाही अशी जागा पाहून, रात्री निजण्यापूर्वी ते काम लावून द्यावे.